गोळीच्या आधीचा शनिवार

मनोवेध यंत्रानं किमयाशी सहा मिनिटं गप्पा मारल्या. आवडता रंग विचारला, आजीचं नाव विचारलं, मांजराची एक गोष्ट सांगितली आणि मग विचारलं, "ते मांजर का बरं रडलं असेल?" किमया म्हणाली, "पंखा त्याचं नाव उलटं म्हणून दाखवतो. माझं पण म्हणतो." सातव्या मिनिटाला पडद्यावर निळी चौकट आली. बालवयातील मनोविकार, श्रेणी तीन. खात्री ९९.१ टक्के.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. त्या सोमवारच्या दहा दिवस आधीपर्यंत तिला पंख्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"चौगुलेताई," डॉ. मगदूम म्हणाले, "मी सव्वीस वर्षं मुलांची मनं तपासतोय. इतक्या खात्रीनं मी एकदाही काही सांगू शकलेलो नाही." मिरजेच्या बालमन केंद्राचे ते प्रमुख. बोलताना चष्मा काढून टेबलावर ठेवायची त्यांना सवय. वाईट बातमी सांगताना समोरच्याचा चेहरा त्यांना नीट दिसत नसावा.

"आधी ताप होता तिला," मी म्हणाले. "चार दिवस. डोकं दुखतंय म्हणायची. मग झोप गेली. मग हे सुरू झालं."

"ते सगळं धरलंय त्यानं." त्यांनी पडदा आमच्याकडं वळवला. निदानात कशाकशाला किती वजन, त्याची उतरंड होती. झोप, नजर, वाक्यांची तुटातूट. सगळ्यात वर एक ओळ: आईचा वैद्यकीय इतिहास, २१ टक्के.

निशांतनं ती ओळ वाचली. माझा नवरा वाईट माणूस नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, एवढंच. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

किमया झाली तेव्हा सात आठवडे मी आजारी होते. हे बाळ माझं नाही, दवाखान्यात बदललंय, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. गोळ्यांनी बरी झाले. पण स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास एकदा उडाला की तो पूर्ण परत येत नाही. तेव्हापासून मी तिचं सगळं वहीत लिहीत आले. दूध किती, झोप किती, ताप किती, खोकला कोरडा की ओला. घरात त्या वहीला 'पंचनामा' म्हणतात.

मनोवेधबद्दल वाईट बोलणं अवघड आहे. पाच वर्षांपूर्वी तो आला त्याआधी आमच्या भागात मुलांच्या मनाच्या डॉक्टरची वेळ मिळायला चार महिने लागायचे. आता शाळेत पडदा आहे. आवाजातली थरथर, बुबुळांची हालचाल, दोन शब्दांमधली जागा, सगळं टिपून तो सहा मिनिटांत सांगतो. निशांतच्या शीतगृहातला एक मुकादम आज जिवंत आहे तो त्याच्यामुळं. फक्त त्याची खात्री अठ्ठ्याण्णवच्या वर गेली की दार बंद होतं. मेंदूच्या बाकीच्या तपासण्या 'अनावश्यक इजा' ठरतात आणि कुठलंच इस्पितळ त्या करत नाही. हा नियमही चांगल्या हेतूनं झाला होता. पूर्वी भेदरलेल्या पोरांना उगाच सुया टोचत दारोदार फिरवायचे.

पहिली गोळी त्याच संध्याकाळी सासूबाईंनी दिली. तीस वर्षं त्या एस.टी.त कंडक्टर होत्या. रडणारं पोर, दारुडा आणि आमदाराचा माणूस, तिघांनाही एकाच आवाजात गप्प करायच्या.

"आ कर. कर की गं माझी बाय. ही गिळलीस की पंख्याला मीच सांगते, गप बस म्हणून. काय बिशाद हाय त्याची!"

किमयानं डोकं मागं घेतलं. दोन दिवस ती आजीला घाबरत होती, आणि आजीही तिच्याजवळ फारशी बसत नव्हती. मी तेही लिहून ठेवलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

*

गुरुवारी मी तिला परत मगदूमांकडं नेलं. तिचं तोंड थांबत नव्हतं. ओठ आत ओढायची, जीभ बाहेर काढायची, जबडा डावीकडं फिरवायची, टाळूला गूळ चिकटल्यासारखं. बोलणं आटत चाललं होतं. काही विचारलं तर शेवटचा शब्द तेवढा परत द्यायची.

"भूक लागली?"

"लागली."

"बाबाला बोलावू?"

"बोलावू."

"सोन्या, मी कोण?"

"कोण."

मगदूमांनी तिच्या हनुवटीला हात लावून पाहिलं. "औषधाचा परिणाम. या गोळ्यांनी काहींचं तोंड असं होतं. मात्रा कमी करू या."

"पण हे गोळीच्या आधी सुरू झालंय, डॉक्टर. हे बघा, रविवार, दुपारी साडेतीन. 'ओठ चावतेय, जीभ सारखी बाहेर, दहा मिनिटं.' नंतर थांबलं म्हणून मी सोमवारी बोलले नाही. गोळी सोमवारी संध्याकाळी सुरू झाली."

त्यांनी वही वाचली. हो हो म्हणून बाजूला ठेवली नाही, खरोखर वाचली. मग ती नोंद यंत्रात भरली. पडद्यावर दोन ओळी आल्या. 'तोंडाच्या हालचाली: औषधोत्तर. निदानात धरलेल्या नाहीत.' त्याखाली: 'आईची नोंद: विश्वासार्हता कमी.'

दुसरी ओळ मला लागायला हवी होती. मला लागला तो पहिल्या ओळीतला एक शब्द. औषधोत्तर. तो शब्द मी ओळखत होते. मी तो हजारो वेळा निवडलेला होता.

यंत्राला आजार आपोआप कळत नाही. त्याला लाखो रुग्णांच्या चित्रफिती दाखवाव्या लागतात, आणि प्रत्येक चित्रफितीशेजारी कुणीतरी माणसानं लिहावं लागतं: हे काय चाललंय. सहा वर्षांपूर्वी मनोवेध असा वाढवला जात होता, तेव्हा ते लिहायचं काम आमच्यासारख्या बायकांकडं आलं. पदवी आहे, मूल लहान आहे, दुपारी दोन तास ते झोपतं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलेली, किमया दोन वर्षांची. दिवसाला दोनशे चाळीस चित्रफिती. त्यात एक रकाना होता: तोंडाच्या हालचाली आहेत का? 'हो' म्हटलं की आणखी एक खिडकी उघडायची. रुग्णाला औषध कधी सुरू झालं, ती तारीख भरा. ती तारीख रुग्णाच्या जुन्या कागदांत शोधावी लागायची, डॉक्टरी अक्षरात. एकेकीला सात-आठ मिनिटं. तेवढ्यात पोर उठायचं.

मग आमच्यातल्या एकीनं युक्ती काढली. औषधाची तारीख म्हणून दवाखान्यात दाखल झाल्याची तारीखच टाकायची. ती आपोआप येते. मग सगळ्या हालचाली औषधानंतरच्या ठरतात, 'औषधोत्तर' निवडायचं, खिडकी मिटते. गटात बेचाळीस जणी होत्या. आठवड्याभरात सगळ्या तसंच करायला लागल्या, आणि वरून शाबासकी आली की काम वेगात होतंय.

ती एक म्हणजे मी.

म्हणून मनोवेधनं त्याच्या आयुष्यात एकही माणूस असा पाहिला नव्हता, ज्याचं तोंड गोळीच्या आधी हललं.

"गोळीच्या आधी," मगदूम स्वतःशीच म्हणाले. त्यांनी चष्मा परत चढवला. "आधी मी मुलांचा डॉक्टर होतो, मग मनाचा. शिकत असताना एक मुलगी बघितली होती. तुम्ही प्रतिपिंडं शिकला असाल?"

"शिकलेय."

"मग सोपं आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. निरोप घ्यायला त्यांच्या अंगावर बारीक दारं असतात. जंतूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं बनवतं, पण एखाद्या तापानंतर ती भलतीकडंच वळतात. या दारांनाच शत्रू समजून चिकटतात. दारं आत ओढली जातात, निरोप बाहेरच राहतात. आधी भीती, भास, झोप उडणं. हुबेहूब वेड दिसतं. मग बोलणं आटतं, तोंड असं हलायला लागतं, मग झटके. शेवटी..."

"शेवटी काय?"

"श्वास घ्यायचा निरोपही पोचत नाही."

किमया माझ्या मांडीवर होती. तिची जीभ आत-बाहेर होत होती.

"उपचार?"

"आहेत ना. शरीराची ती लढाई दाबायची, रक्तातून प्रतिपिंडं गाळून काढायची. लवकर केलं तर बहुतेक मुलं परत येतात. महिने लागतात, पण येतात."

"मग तपासा. आत्ता."

"मणक्यातलं पाणी काढावं लागतं. ९९.१ ला त्या तपासणीचा अर्जच उघडत नाही. माझा परवाना जाईल ते जाऊ दे. मी सुई घातली तरी राज्यातली एकही प्रयोगशाळा नमुना घेणार नाही."

रिक्षात घरी येताना मला एक गोष्ट कळली. मनोवेधला एवढी खात्री का होती? कारण त्याला दाखवलेल्या चित्रफितींमधल्या शेकडो माणसांना हाच आजार असणार. कुणी कधी त्यांचं पाणी तपासलं नव्हतं. मनोवेध किमयाला बरोबर ओळखत होता. नाव तेवढं आम्ही चुकीचं शिकवलं होतं.

*

शनिवारी किमया सकाळी पलंगावर बसली आणि तिचा उजवा हात वर गेला, तो तसाच राहिला. मी खाली आणला, परत वर गेला. दुपारपर्यंत तिला केंद्रात दाखल केलं. निशांतनं सही केली. आईला भेटायची वेळ दिवसाला वीस मिनिटं, कारण 'आईच्या चिंतेमुळं लक्षणं वाढण्याची शक्यता'. हेही यंत्रानंच काढलं होतं. त्याच्या हिशेबानं बरोबर असेल.

केंद्राच्या उपाहारगृहात समोर दोन चहा ठेवून आम्ही बसलो होतो. मी निशांतला सगळं सांगितलं. रकाना, तारीख, युक्ती, प्रतिपिंडं.

"सानू," तो शेवटी म्हणाला, "तू तेव्हाही इतक्याच खात्रीनं सांगायचीस. बाळ बदललंय. पुरावे होते तुझ्याकडं. कानाची पाळी वेगळी आहे म्हणून फूटपट्टीनं मोजून दाखवायचीस मला."

"मी आजारी होते."

"हो. आणि ते तुला माहीत नव्हतं."

"आता तशी नाहीये मी."

"तेव्हाही हेच म्हणायचीस." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "एकीकडं यंत्र, एकीकडं तू. मी कुणाचं ऐकू? चुकीचं ऐकलं तर पोरगी जाईल. तूच सांग, मी कसं ओळखायचं?"

हाच प्रश्न मी दर सकाळी स्वतःला विचारत होते. वहीतला रविवार मी खरंच पाहिला होता का? की मला पाहायचा होता म्हणून दिसला?

चहावर साय धरली. त्यानं दोन्ही कप उचलून ठेवून दिले.

*

सोमवारी किमयाला पहिला झटका आला. मगदूमांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं तेव्हा दार लावून घेतलं.

"एकच फट आहे. कलम नऊ. ज्यांनी यंत्राला शिकवायला खुणा लावल्या, त्यांच्यापैकी कुणी लेखी दिलं की मी जाणूनबुजून खोटं भरलं, तर त्या श्रेणीपुरतं यंत्र चौदा दिवस बंद ठेवून तपासावं लागतं. तेवढे दिवस निदान डॉक्टरच्या हातात. पण असा माणूस कुठून आणणार? सहा वर्षं झाली."

"आणायला नको," मी म्हणाले.

मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, हे नीट ऐका. यंत्र बंद म्हणजे सगळ्यांसाठी बंद. खरोखर श्रेणी तीनची आजारी मुलं रोज तीस-चाळीस सापडतात. त्यांना परत आमच्या रांगेत थांबावं लागेल. काहींकडं तेवढा वेळ नसतो. मी तुम्हाला हे करा असं सांगणार नाही."

"नका सांगू."

"आणखी एक. तुमच्या नावावर आजाराची नोंद आहे. तुमच्या एकटीच्या लिहिण्याला किंमत नाही. तोंड गोळीच्या आधी हललं, हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे. आणि तसं सही करून दिलं पाहिजे."

दुसऱ्या कुणीही पाहिलेलं नव्हतं. रविवारी साडेतीनला निशांत झोपला होता.

दुपारी मी तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. माझा मजकूर लिहून सही केली होती. खालची जागा कोरी. निशांतनं उभ्याउभ्या वाचला.

"जाणूनबुजून? अगं, तुरुंगात घालतील तुला."

"घालू देत. मी जाणूनबुजूनच भरलं होतं. तारीख खोटी आहे हे मला प्रत्येक वेळी माहीत होतं. तू फक्त सांग, तू काही पाहिलंस? शुक्रवार, शनिवार, कधीही?"

"नाही पाहिलं, सानू. खोटी सही करू? तूही खोटं, मीही खोटं, आणि त्यावर तिच्या पाठीत सुई?"

सासूबाई खाली बसून घेवडा निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"शनिवारी," त्या म्हणाल्या.

"काय शनिवारी?"

"तू बाजारात गेलतीस. मी तिला आमटी-भात भरवायला बसले. तर घास तोंडात घेऊन जीभ बाहेर काढायची. मला वेडावल्यासारखी. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग दिली एक थोबाडीत."

शेंगांच्या शिरा त्यांनी पदरातून काढून ताटलीत टाकल्या, एकेक करून.

"रडली नाही पोरगी. गालावर हातसुदा नेला नाही. जीभ आपली तशीच, आत-बाहेर, आत-बाहेर. मला वाटलं, कोडगी झाली. आणखी एक द्यावी म्हणून हात उचललाबी होता."

"आई, हे तुम्ही आत्ता सांगताय?" मला वाटलं होतं त्यापेक्षा मी जोरात ओरडले. "नऊ दिवस झाले! आत्ता?"

"कुठल्या तोंडानं सांगू? आजारी नातीला मारलं म्हणून? तू लगेच वहीत लिहिलं असतंस की."

लिहिलं असतं. हे खरं होतं.

निशांत त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "आई, वार नक्की शनिवारच ना? नीट आठव. सानिका म्हणते म्हणून नको म्हणू."

"तिच्यासाठी कशाला म्हणू? ती काय माझी लाडकी लागून गेलीय?" त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि आवाज एकदम डेपोतला झाला. "त्याच पायानं मी मारुतीला गेले. पाप झालं म्हणून तेल घातलं. शनिवार नाही तर काय! अरे, तिकिटाचं मशीन आलं तवा साहेब म्हणायचे, शालनबाई, मशीन सांगतंय चव्वेचाळीस, मारा घंटी. मी म्हणायचे, साहेब, मशीन तिकिटं मोजतंय. माणसं मी मोजते. प्रत्येक ठेसनावर उठून मोजायचे. आण तो कागद हिकडं. कुठं करू?"

त्यांनी सही केली. नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कागदावर घेवड्याचा हिरवा डाग पडला.

निशांतनं गाडीची किल्ली घेतली. "चल," एवढंच म्हणाला.

*

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला राज्यातले सगळे पडदे श्रेणी तीनपुरते करडे झाले.

बारा वाजता किमयाला कुशीवर वळवून, गुडघे छातीशी घेऊन दोन परिचारिकांनी धरलं. मगदूमांनी सुई उचलली. "नऊ वर्षांनी करतोय," ते म्हणाले, मला नव्हे, सुईला. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा नितळ थेंब आले, एकामागं एक. मी ते मोजले. चाळीस. निशांत भिंतीकडं तोंड करून उभा होता.

पाच वाजता अहवाल आला. प्रतिपिंडं होती. भरपूर होती.

मला आनंद झाला. आपल्या लेकराच्या मेंदूवर तिचंच शरीर तुटून पडलंय हे वाचून आनंद झालेली मी पहिली आई नसेन. निशांतनं अहवाल तीनदा वाचला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. माफी मागितली नाही. मलाही ती नको होती. तो कुठं चुकला होता, ते मला अजून सांगता येणार नाही.

पण उशीर झाला होता. औषधं सुरू झाली, रक्त गाळायला यंत्र लावलं, आणि गुरुवारी तिचा श्वास थांबला. नळी घातली. छाती यंत्रानं वरखाली व्हायची. मी रोज विचारायचे, काही फरक? मगदूम म्हणायचे, "वाट बघायची." आठवडा गेला. फरक नाही.

त्या दिवसांत राज्यात आणखी मुलं तपासली जात होती. तिसऱ्या दिवशी दोन सापडली, सहाव्या दिवशी अकरा. एक मोठी मुलगी तीन वर्षांपासून मनोरुग्णालयात होती. पलूसची एक बाई आमच्या शेजारच्या बाकावर येऊन बसायला लागली. तिच्या मुलीच्या तपासणीचा नंबर लागायचा होता. ती मला भाकरी द्यायची आणि म्हणायची, "ज्या माउलीनं हे बंद पाडलं, तिच्या पायाचं तीर्थ घ्यावं बघा." मी भाकरी खायचे.

आणि नवव्या दिवशी मगदूमांनी जतच्या मुलीचं सांगितलं. मीच त्यांना म्हटलं होतं, माझ्यापासून लपवू नका. सोळा वर्षांची. तिला खरोखरच श्रेणी तीनचा आजार होता. यंत्र सुरू असतं तर शनिवारी शाळेतच ओळखली असती आणि त्याच दिवशी दाखल झाली असती. डॉक्टरांच्या रांगेत तिला बुधवारचा नंबर मिळाला. सोमवारी ती गेली. मी तिचं नाव विचारलं. ते मला माहीत आहे. ते मी इथं लिहिणार नाही.

*

बाराव्या दिवशी सकाळी चौकशी अधिकारी आल्या. तांबोळी नावाच्या, माझ्याच वयाच्या, बोलायला मऊ. आम्ही अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसलो. आदल्या दिवशीच किमयाची नळी काढली होती. ती स्वतःहून श्वास घेत होती. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. तिच्यासमोर बोट फिरवलं तरी नजर हलत नव्हती. आता परत येईल तेवढीच येईल, असं एक डॉक्टर दुसऱ्याला म्हणताना मी ऐकलं होतं.

"ताई, मलाही मूल आहे," तांबोळी म्हणाल्या. "मार्ग आहे. जबाब बदला. लिहा, घाईत तारीख बघायची राहून गेली. निष्काळजीपणा. समज देऊन सोडतील. 'जाणूनबुजून' ठेवलंत तर मला तुम्हाला आजच पुण्याला न्यावं लागेल. किती महिने, ते मी नाही सांगू शकत."

"आणि निष्काळजीपणा लिहिला तर कलम नऊ?"

"लागू होत नाही. यंत्र आज दुपारी सुरू होईल."

"तो रकाना?"

"वार्षिक दुरुस्तीत बघतील."

समोर पलूसची बाई बसली होती. तिच्या मुलीचा नंबर उद्याचा होता. त्या मुलीला मनोवेधनं ९८.७ टक्के दिले होते, म्हणजे यंत्र सुरू झालं की तिचंही दार बंद. आणि कुठल्यातरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या रांगेत, कुणाचीतरी सोळा वर्षांची पोरगी उभी असणार. दोन दिवस म्हणजे तिच्यासाठी काय, तेही मला माहीत होतं. कुठलंही उत्तर दिलं तरी कुणाच्यातरी लेकराच्या अंगावर जाणार होतं. आणि माझी स्वतःची मुलगी डोळे उघडे ठेवून आत पडली होती, तिला आई हवी होती, हे कुणीच धरत नव्हतं. मीही धरायचं नाही?

"एकच विचारते," तांबोळी म्हणाल्या. "भरताना तारीख खोटी आहे हे माहीत होतं का?"

हो म्हणायला मला वेळ लागला. पलूसची बाई मध्येच उठून पाणी भरून आली, एवढा.

"माहीत होतं."

त्यांनी तसं लिहिलं. मी सही केली.

"पाच मिनिटं आत जाऊन या," त्या म्हणाल्या आणि दाराकडं पाठ करून बसल्या.

आत निशांत तिच्या उशाशी होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "कळलं मला." मग म्हणाला, "आईला बोलावून घेतो राहायला इथं." आम्ही भांडलो नाही. पाच मिनिटांत काय भांडणार?

तिचे केस इतके दिवस पडून राहून मानेमागं दोऱ्याच्या गुंडीसारखे झाले होते. परिचारिकेनं सांगितलं होतं, कापावे लागतील. मी पर्समधून कंगवा काढला. निदान एवढं तरी करून जावं. टोकांपासून सुरुवात केली, हळूहळू वर. एका ठिकाणी कंगवा अडकला. माझे डोळे भरलेले होते, घाई होती, मी जोरात ओढला.

किमयाच्या कपाळावर आठी आली.

मी थांबले. आठी गेली. डोळे तसेच, छताकडं.

"निशांत."

"काय?"

"आठी घातली तिनं. दुखलं तिला. तिनं आठी घातली."

तो वाकून बघायला लागला. तिचं कपाळ गुळगुळीत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. आठ वर्षांपूर्वी, फूटपट्टी घेऊन बसले होते तेव्हाची.

"मला नाही दिसली, सानू."

बाहेर तांबोळींची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"इथं बघ," मी म्हणाले. "माझ्याकडं नको, तिच्याकडं बघ." मी तोच गुंता कंगव्यात धरला आणि पुन्हा ओढला, मघापेक्षा जोरात, मुद्दाम.

या वेळी आठी आम्ही दोघांनी पाहिली.